सांजाव : संत जहाजाने आला, दारू मात्र मातीने ठरवली

मंडळी, आज २४ जून. आर्द्रा लागून दोन-तीन दिवस झाले. दोडामार्गाच्या पलीकडे गोव्यात आज गावोगावी ढोल-घुमट वाजताहेत आणि माणसं डोक्यावर फुलांच्या वेण्या घालून विहिरीत उड्या मारताहेत. सांजाव. पोर्तुगीजांचा 'सांव जुआंव', म्हणजे संत योहान. त्याचा हा वाढदिवस.

आता शेतनोंदींच्या पानावर हा सण कशाला, असं कोणी म्हणेल. सांगतो. गेली काही वर्षं मी या सणाबद्दल मिळेल ते वाचतोय, पलीकडच्या काजूवाल्यांशी बोलतोय, आणि मला तो चर्चपेक्षा शेताचाच जास्त वाटायला लागलाय. त्यातली दारू तर पूर्णपणे शेताची. आणि त्या दारूचा आपल्या सिंधुदुर्गातल्या काजूशी, झाडाखाली कुजणाऱ्या बोंडूंशी थेट संबंध आहे. थोडं लांबण लागेल, पण पाऊस आहे, भाताचा तरवा अजून लावणीला आलेला नाही, तेव्हा वाचा सावकाश.

आधी संत कोण ते. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात गोष्ट आहे. जखऱ्या आणि अलीशिबा हे म्हातारं जोडपं, मूलबाळ नाही. देवदूत सांगतो, मुलगा होईल. तिला सहावा महिना असताना मरिया भेटायला येते. मरियाच्या पोटात येशू. तिचा आवाज ऐकताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. ते बाळ म्हणजे योहान, जो पुढे यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा द्यायला लागला. येशूचा जन्म २५ डिसेंबरला धरला की त्याच्या सहा महिने आधी २४ जून येतो. कॅथलिक पंचांगात संतांचे सण बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतात. जन्मदिवस साजरे होतात ते तिघांचेच: येशू, मरिया आणि हा योहान.

गोव्यातल्या कोणालाही विचारा विहिरीत उडी का, तर हीच गोष्ट सांगतील. पोटातल्या बाळाने उडी मारली म्हणून आम्ही मारतो, आणि पाणी म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी. अर्थ छानच आहे. पण हा सण जिथून आला त्या पोर्तुगालात विहिरीत कोणी उडी मारत नाही. तिथे लोक आगीवरून उड्या मारतात!

युरोपात २१ जूनच्या सुमाराला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. तिथे कडक उन्हाळा, कोरडं गवत, लांब संध्याकाळ. चर्च येण्याच्या आधीपासून या दिवसांत शेकोट्या पेटवायची रीत, आणि पुढे ती संत योहानाच्या नावावर गेली. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात २३ जूनची रात्र आजही जागवतात. आगीवरून उड्या, निखाऱ्यावर भाजलेली सार्डिन मासळी, सोबत त्या भागातली हलकी वाइन. सब्जासारख्या बारीक पानाच्या तुळशीची कुंडी एकमेकांना भेट देतात. रानलसणीच्या फुलाच्या दांड्याने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर टपली मारतात, हल्ली त्या जागी प्लास्टिकच्या हातोड्या आल्यात. आपल्याकडचा शिमगा आठवावा असा सगळा प्रकार. फक्त आपला शिमगा फाल्गुनात, म्हणजे आपल्याकडे जेव्हा रान कोरडं असतं तेव्हा.

हाच संत पोर्तुगीजांच्याच जहाजाने ब्राझीललाही गेला. तिथल्या ईशान्य भागात जूनमध्ये मका तयार होतो. तिथला सांव जुआंव म्हणजे मक्याचा सण होऊन बसला. ओल्या मक्याच्या पानात बांधून शिजवलेले गोड गोळे, मक्याची खीर, आणि प्यायला 'केंतांव', म्हणजे उसाच्या रसाच्या दारूत आलं, लवंग, दालचिनी, साखर घालून गरम केलेलं पेय. जून हा तिथला थंडीचा महिना, म्हणून गरम. शेकोटी मात्र त्यांनी ठेवली.

इथे एक मजेची गोष्ट लक्षात घ्या. काजू मूळचा त्याच ईशान्य ब्राझीलचा. पण तिथे काजू पिकतो साधारण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. म्हणजे काजूच्या माहेरात सांव जुआंवला काजूच्या नव्या दारूचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे तोच काजू फेब्रुवारी ते मे पिकतो. झाड एक, संत एक, पण दोघांची गाठ पडली ती फक्त या किनाऱ्यावर.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्यासोबत त्यांचं पंचांग आलं. आता विचार करा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात शेकोटी कुठे पेटवणार? लाकूड ओलं, अंगण चिखलाचं, वरून धार. त्यात आणखी एक बारकावा. पोर्तुगालने १५८२ च्या ऑक्टोबरात जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं तेव्हा तारखांतले १० दिवस गाळले गेले. म्हणजे गोव्यातली पहिली सत्तरेक वर्षं जो २४ जून यायचा तो आजच्या हिशेबाने ४ जुलैला पडायचा. आर्द्राची अखेर, पुनर्वसूच्या तोंडावर! आपल्याकडे तोवर लावणी सुरू झालेली असते. अशा दिवसांत आगीचा सण आगीचा राहणं शक्यच नव्हतं. आणि संत निघाला नेमका पाण्याचा. मग आगीची जागा पाण्याने घेतली. कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पावसाने करून घेतलं.

विहीरच का, नदी का नाही? नदी या दिवसांत गढूळ आणि ओढीची असते. विहीर मात्र मृगाच्या पावसाने वर यायला लागलेली असते. मे महिन्यात जी तळाला गेलेली, गाळ काढून साफ केलेली, तिला जूनच्या अखेरीस चांगलं पाणी चढतं. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं तर असं आहे की दोन-तीन जोराचे पाऊस झाले की पाणी हाताला लागल्यासारखं वर येतं. कातळ पाणी झरझर आत घेतो आणि तितक्याच लवकर सोडूनही देतो. तर वर्षाचं पाणी आलं का, किती आलं, हे बघायला गाव एकेका विहिरीवर जातो, असं मी या उड्यांकडे बघतो. चर्चचा अर्थ त्याने खोटा होत नाही.

सणाच्या बाकीच्या रीती बघितल्या तर त्यातही माती दिसते. डोक्यावर घालतात ती वेणी म्हणजे 'कोपेल'. रानवेली, पावसात फुललेली फुलं, कधी त्यात लहान फळंही गुंफतात. (हल्ली बाजारात प्लास्टिक फुलांची मिळते. चार दिवस आधी पाऊस पडून सगळं रान हिरवं झालेलं असताना प्लास्टिक कशाला, हे मला कळत नाही.) वाजवायला घुमट, कांसाळें. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद होऊन आता बकऱ्याचं वापरतात. तेच घुमट गणपतीच्या आरतीला हिंदूंच्या घरात वाजतं आणि सांजावला ख्रिस्तींच्या दारात. 'व्हीवा सांजाव' म्हणत टोळी दारोदार फिरते, घरवाले फळं देतात, फेणी देतात. काही ठिकाणी फळं आणि बाटल्या विहिरीतच टाकतात, उडी मारणाऱ्याने बुडी घेऊन काढायच्या.

आणि जावई! नवीन लग्न झालेला जावई पहिल्या सांजावला सासुरवाडीला येतो. त्याला कोपेल घालायची, त्याने विहिरीत उडी मारायची, मग मानाचं जेवण. सासूकडून मुलीच्या सासरी 'वझें' जातं, म्हणजे ओझं, टोपलीभर भेट: फणस, अननस, केळी, शेवटचे आंबे आणि फेणीची बाटली. ज्या घरात वर्षभरात मूल जन्मलं त्या घरचा आनंद वेगळा, कारण सण जन्माचाच आहे. आपल्याकडे जावयाचा हा मान धोंड्याच्या महिन्यात आणि दिवाळसणाला. रीत एकच, तारीख तेवढी बदलली.

ही तारीख का बदलली याला एक कडवट इतिहासही आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसलं. धर्मांतर केलेल्यांनी जुन्या रीती पाळू नयेत यावर त्यांची नजर. १७३६ साली तर एक लांबलचक हुकूमनामाच काढला, त्यात लग्नाकार्यातल्या कितीतरी देशी चालींना बंदी. जुन्या दिवशी, जुन्या नावाने जे करता येत नव्हतं ते लोकांनी संताच्या दिवशी, संताच्या नावाने चालू ठेवलं, असा माझा समज आहे. जावयाचा मान, फुलांची वेणी, टोपलीची देवघेव हे सगळं पोर्तुगालहून नक्कीच आलेलं नाही. पोर्तुगीजांची सत्ता वसईवरही होती, १५३४ पासून १७३९ ला चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत. तिकडच्या ख्रिस्ती गावांतही सांजाव आणि विहिरीतल्या उड्या आहेत. राज्य गेलं तरी सण राहिला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता येऊ दारूकडे, म्हणजे आपल्या मुद्द्याकडे.

फेणी आधी काजूची नव्हती, माडाची होती. रेंदेर माडावर चढून सूर काढायचा, ती आंबवून गाळायची. काजू आला तो सोळाव्या शतकात. 'काजू' हा शब्दही ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ ला गोव्यात औषधी वनस्पतींवर मोठं पुस्तक छापलं, त्यात काजू नाही. १५७८ ला क्रिस्तोव्हाल आकोस्ताच्या पुस्तकात तो येतो, कोचीनच्या बागांमधला म्हणून. म्हणजे नवीन झाड इथे रुजत होतं ते याच काळात. डोंगरउतारावर, जांभ्या मुरमात, जिथे दुसरं काही येत नाही तिथे ते पसरलं. आपल्याकडेही तेच झालं.

बी खायची हे नंतर कळलं असेल, पण बोंडू नजरेत भरणारा. माडाची सूर गाळायची भट्टी तर गावात होतीच. तिला नवा रस मिळाला.

पलीकडे हे काम कसं चालतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच तरुण बागायतदारांनी ते बघितलेलं नाही. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलाच घेतात. तोडलेल्यात तुरटपणा जास्त आणि गोडी कमी. रोज सकाळी वेचायचा, बी पिळून वेगळी करायची. बोंडू टाकायचे 'कोळमी'त. कोळमी म्हणजे कातळात खोदलेली उथळ टाकी, एका बाजूला उतार. त्यात पायाने तुडवायचे. आता बऱ्याच ठिकाणी लाकडी पिंजरे नाहीतर यंत्रं आलीत. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून वेलीने बांधायचा आणि वर मोठा दगड ठेवायचा. त्यातून थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो 'नीरो'. तो ताजा, थंड असा प्यावा. गोड, किंचित तुरट, दारू अजिबात नाही. उन्हात काम करून आलेल्याला याच्याइतकं दुसरं काही नाही, हे माझं ठाम मत.

तुडवलेला रस तीनेक दिवस आंबू द्यायचा. यीस्ट बाहेरून टाकत नाहीत, फळावरचं आणि भांड्यातलं असतं तेच काम करतं. मग 'भाण' चुलीवर चढतं, वाफ दुसऱ्या मडक्यात, 'लावणी'त, उतरते. पूर्वी लावणीवर सतत गार पाणी ओतावं लागायचं, आता पाण्याच्या पिंपातून तांब्याची वेटोळी नळी नेतात. पहिल्या गाळपाला निघतो 'हुर्राक', साधारण १५ टक्क्यांच्या आसपासचा. तो हलका, फार दिवस टिकत नाही, त्या हंगामातच प्यायचा. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकासाठी आपल्याकडचे किती लोक दुचाकीने पलीकडे जातात ते सांगायला नको! हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून परत गाळला की फेणी, चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या पुढची. फेणी ओतताना फेस धरते. 'फेण' म्हणजे फेस, त्यावरून नाव. ती टिकते, उलट ठेवल्यावर सुधारते.

आता महिने जुळवा. फेब्रुवारीच्या शेवटी पहिले बोंडू. मार्च-एप्रिल हुर्राक. मेच्या मध्यापर्यंत शेवटची फेणी, कारण वळीव सुरू झाला की बोंडू सडतो, रसात पाणी जातं, सरपण भिजतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात भट्टी बंद, मडकी पालथी, माणसं नांगरणीला. आणि २४ जूनला पहिला मोठा सण. नवी फेणी घरात भरून ठेवलेली, काजूचे पैसे हातात आलेले, पेरण्या झालेल्या, लावणी अजून पुढे. शेतकऱ्याला वर्षात इतका मोकळा आठवडा दुसरा मिळत नाही. अशा दिवशी संत येणार असेल तर त्याचं स्वागत फेणीने होणार नाही तर कशाने? पोर्तुगालात नवी वाइन नोव्हेंबरात तयार होते, तिथे ती संत मार्टिनच्या सणाला फोडतात, भाजलेल्या चेस्टनटसोबत. म्हणजे संतांना दारू वाटून देणारा तिथेही हंगामच.

आता कायद्याची गोष्ट, आणि इथून आपलं दुखणं सुरू होतं.

गोव्यातल्या दारूवर पोर्तुगीजांचे कर होतेच. १८७८ ला ब्रिटिश आणि पोर्तुगीजांनी एक करार केला, मुरगाव बंदर आणि रेल्वे त्यातूनच आली. १८८० ते १८९२ तो चालला. त्याने ब्रिटिशांची अबकारी पद्धत गोव्यात शिरली आणि मिठाबरोबर सूर काढणाऱ्यांनाही त्याचे चटके बसले. तरी भट्टी बंद पडली नाही, ती परवान्याखाली आली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरही परवान्याची पद्धत चालू राहिली. आजही तिथे काजूच्या बागांचे विभाग पाडून गाळपाच्या हक्काचा लिलाव होतो. २००९ ला काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ ला गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं.

अलीकडे काय झालं? सावंतवाडी संस्थान विलीन होऊन आपण मुंबई राज्यात गेलो, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आपल्याला लागू झाला. बंदी पुढे सैल झाली, पण गावच्या भट्टीला जागा राहिली नाही. त्याच डोंगराच्या त्याच सोंडेवर, एकाच जातीच्या रायवळ काजूच्या झाडाखाली, पलीकडे जो पदार्थ वारसा आहे तो अलीकडे हातभट्टी. पलीकडे तोच बाटलीवर लेबल लावून विमानतळावर विकतात, अलीकडे पोलीस मडकी फोडतात.

माझं म्हणणं नीट वाचा. मी कोणाला भट्टी लावा म्हणत नाही. दारूने घरं बसलेली मी जवळून बघितलीत, आणि बायकांनी दारूबंदीसाठी जे केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हिशेब मांडायला हवा. बोंडूचं वजन बीच्या पाच-सहा पटींपासून आठ-दहा पटींपर्यंत भरतं, जातीप्रमाणे कमी-जास्त. एका टन बीमागे ढोबळ सहा-आठ टन बोंडू धरा. त्यात निम्म्याहून जास्त रस. क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट. हे सगळं आपण झाडाखाली कुजू देतो, नाहीतर क्रेटमध्ये भरून पलीकडच्याला मिळेल त्या भावाने देतो. बीचा दर दरवर्षी आयातीच्या नावाने पडतो आणि आपण फक्त बीकडे बघत बसतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या चांगल्या जाती दिल्या, त्याने बी मोठी झाली, झाडामागे उत्पन्न वाढलं. त्या कामाबद्दल आदर आहे. पण बोंडूच्या रसाची गोडी, तुरटपणा, गळून पडल्यावर तो किती तास टिकतो, यावर निवडलेली जात आपल्या बागेत कुठे आहे? पलीकडचे भट्टीवाले अजूनही रायवळ झाडांच्या बोंडूला जास्त पसंती देतात. जुनी रायवळ झाडं तोडून सरसकट कलमं लावण्याआधी हे लक्षात ठेवा. चार झाडं तरी बांधावर राखा, निदान त्यांची कलमं करून ठेवा.

अधूनमधून सरकारकडून बोंडूच्या वाइनची, सरबताची, इथेनॉलची भाषा होते. करणारे थोडे लोक करतातही. अडचण कुठे आहे ते बाग असणाऱ्याला माहीत आहे: बोंडू वेचल्यावर काही तासांतच आंबायला लागतो. कारखाना तालुक्याच्या ठिकाणी ठेवून चालत नाही. गोव्याची भट्टी बागेतच असते, म्हणून त्यांचं जमतं. आपल्याकडे दारू नको असेल तर नको, पण निदान रस काढून थंड ठेवायची सोय वाडीवाडीत हवी. नीरोला तर कुठल्याच कायद्याची आडकाठी असायचं कारण नाही.

पलीकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. वेचायला माणसं मिळत नाहीत, नवी पिढी चुलीपुढे बसायला तयार नाही, डोंगर प्लॉटिंगला जाताहेत. आणि विहिरी! नळ आल्यावर कितीतरी विहिरींवर जाळी पडली, काहींत कचरा गेला. शहरी भागात सांजाव जलतरण तलावावर आणि हॉटेलांत होतो, फेणीच्या जागी बिअर. त्यांचा सण, ते जाणोत. पण तलावातलं पाणी टँकरने भरलेलं असतं, ते चढलंय का हे बघायला कोणी जात नाही.

शेवटी एक कामाची सूचना. आज-उद्या पलीकडे पाहुणे म्हणून जाणारे बरेच आहात, आणि अलीकडच्या पोरांनाही पाऊस बघून विहिरीत उतरायची हुक्की येते. पिऊन उडी मारू नये हे सांगायला संत नको. उडी आधी, ग्लास नंतर. वापरात नसलेल्या, बरीच वर्षं न उपसलेल्या विहिरीत अजिबात उतरू नका, तळाशी हवा खराब असू शकते आणि पाण्यातला चिरा कुठे निसटलाय ते वरून दिसत नाही. आणि ज्या विहिरीत मोटर आहे तिथे आदल्या दिवशीच मोटर, पाइप आणि केबल वर काढून घ्या. नुसतं स्टार्टरचं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि पोरं वर येऊन मोजून होईपर्यंत तो खिशातच राहू द्या.